एकच रंगरूट दोनदा मोजला तेव्हा

जून १९४४ मध्ये दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीत उतरलं, तेव्हा पश्चिम आघाडीवर जर्मन फील्ड मार्शल फॉन रुंडश्टेटच्या हाताखाली ५८ डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या लष्करी तुकड्या, होत्या. दुसऱ्या महायुद्धाबद्दल वाचणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा कुठे ना कुठे भेटतो. आकडा खरा आहे. पण त्यातल्या काही डिव्हिजनचं मूळ काम लढण्याचं नव्हतं, रंगरूट घडवण्याचं होतं. त्यांच्याकडे पुरती रसदव्यवस्था नव्हती, तोफखाना तुटपुंजा होता आणि बराकीतला मोठा हिस्सा काही आठवड्यांपूर्वी गणवेश चढवलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांचा होता. या रिझर्व्ह डिव्हिजन जर्मन लष्कराने १९४२ च्या शरद ऋतूत उभ्या केल्या. लष्करी इतिहासाच्या चर्चांमध्ये या निर्णयाचं कौतुक अजूनही होतं: एका दगडात दोन पक्षी, मुलं शिकतीलही आणि व्याप्त मुलूख सांभाळतीलही.

हे कौतुक चुकीचं आहे. त्या निर्णयाने शिकवणं बिघडवलं, नकाशावर खोटं बळ दाखवलं आणि हजारो मुलांना गावं जाळण्याचा धडा शिक्षणाचा भाग म्हणून दिला. ‘ती बिचारी शिकाऊ पोरं होती’ ही ढालही टिकत नाही. कारण कोणत्या मुलांना कुठे ठेवायचं, हे ठरवणारे शिकाऊ नव्हते.

आधी मूळ व्यवस्था पाहू, कारण ती खरोखर चांगली होती. ऑगस्ट १९३९ मध्ये युद्धासाठी सैन्य सज्ज करताना जर्मनांनी लष्कराचे दोन भाग केले. आघाडीवरचं मैदानी सैन्य वेगळं आणि मायदेशातलं एर्झात्सहेअर, म्हणजे भरती व प्रशिक्षणाचं सैन्य, वेगळं. या दुसऱ्या भागाचा प्रमुख फ्रीडरिश फ्रॉम १९३९ पासून २० जुलै १९४४ पर्यंत त्या खुर्चीत होता. देश लष्करी विभागांत वाटलेला होता. सातवा विभाग म्युनिकचा, आठवा ब्रेस्लाऊचा, अठरावा साल्झबुर्गचा. आघाडीवरच्या प्रत्येक रेजिमेंटची मायदेशात, तिच्याच मुलखात, एक भरणा बटालियन असे. नवा मुलगा तिथे दाखल व्हायचा. आघाडीवर जखमी झालेला जवान इस्पितळातून सुटला की त्याच बटालियनच्या बऱ्या होत असलेल्यांच्या कंपनीत यायचा. दोघेही पुढे तुकडी करून त्याच रेजिमेंटकडे रवाना व्हायचे.

याचा फायदा सरळ होता. शिकवणारा हवालदार त्याच रेजिमेंटमधून जखमी होऊन आलेला असायचा, त्यामुळे रशियातल्या थंडीत बंदुकीचं काय होतं हे त्याला ठाऊक असायचं. शिकणाऱ्याला आपण कुठे जाणार आणि कोणाबरोबर जाणार हे माहीत असायचं. अमेरिकन सैन्यात भरणा म्हणून पाठवलेला जवान एकेकटा, अनोळखी डेपोंतून फिरत आघाडीवर पोचायचा आणि नाव कळायच्या आत मारला जायचा, ही तक्रार अमेरिकनांनी स्वतःच केली आहे. त्या तुलनेत जर्मन पद्धत माणसाला धरून होती. तिचा गाभा होता स्थिरता: ठरलेली बराक, ठरलेली चांदमारीची जागा, ठरलेले उस्ताद आणि व्यत्यय न येणारे आठवडे.

१९४२ च्या ऑक्टोबरपासून नेमकी हीच स्थिरता मोडली. भरणा बटालियनचे दोन तुकडे केले गेले. भरती, कागदपत्रं, कपडे आणि बरे होणारे जखमी एवढं काम मायदेशी राहिलेल्या भागाकडे आलं. प्रशिक्षणाचा भाग रिझर्व्ह बटालियन म्हणून फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, डेन्मार्क, पोलंड, बाल्टिक प्रदेश, युक्रेन, क्रोएशिया इथे पाठवला गेला. अशा बटालियन एकत्र करून वीसहून अधिक रिझर्व्ह डिव्हिजन तयार झाल्या. रशियातल्या हानीमुळे बंदोबस्तावरच्या पूर्ण डिव्हिजन पूर्वेकडे खेचायच्या होत्या आणि त्यांच्या जागी कोणीतरी हवं होतं. त्यात मायदेशातल्या बराकी रिकाम्या होणार होत्या आणि मुलांचं पोटही परक्या मुलखातल्या धान्यावर भरणार होतं. कागदावर हिशेब चोख बसला. एकच मुलगा प्रशिक्षणाच्या रकान्यात एकदा आणि बंदोबस्ताच्या रकान्यात पुन्हा एकदा मोजला गेला.

प्रत्यक्षात काय होतं ते एका पुलावर पाहावं. रेल्वेच्या पुलावर दिवसरात्र दुहेरी पहारा हवा आहे असं धरू. एक माणूस दोन तास उभा राहून चार तास विश्रांती घेतो, म्हणजे तीन पाळ्या लागतात. दोघांच्या तीन पाळ्यांची सहा माणसं, वर पहाऱ्याचा नायक आणि त्याचा बदली. एका पुलाला आठ माणसं लागली. दीडशे रंगरुटांच्या कंपनीच्या वाट्याला दोन पूल, एक बोगदा आणि एक दारूगोळ्याचं कोठार आलं, तर ३२ माणसं गेली. ज्यांनी रात्र पहाऱ्यात काढली ती दुसऱ्या दिवशी सकाळी शिकायला उपयोगाची नसतात, म्हणजे आणखी ३२. त्यात गस्त, गाड्यांबरोबरची सोबत, मुदपाकखाना आणि आजारी धरले, तर वर्गात आणि मैदानावर अर्धी कंपनी उरली तरी नशीब. ही अर्धी कंपनीही रोज बदलते. काल ज्यांनी धड्याचा पहिला भाग केला ते आज पुलावर आहेत आणि आज आलेल्यांना पहिला भाग माहीत नाही.

या तुकड्या-तुकड्यांच्या शिक्षणात आधी काय बुडतं? कवायत बुडत नाही, रायफल साफ करणंही बुडत नाही. बुडतं ते सामूहिक काम. जर्मन पायदळाची सर्वांत लहान लढाऊ टोळी सुमारे दहा जणांची, आणि तिचा जीव मशीनगनमध्ये होता. एमजी ४२ मिनिटाला बाराशेच्या आसपास गोळ्या झाडण्याच्या वेगाची. जोरात मारा चालू असेल तर साधारण अडीचशे गोळ्यांनंतर नळी बदलावी लागते. उजव्या बाजूची खिट्टी उघडायची, तापलेली नळी ॲस्बेस्टॉसच्या गादीने धरून काढायची, गार नळी आत सारायची, खिट्टी बंद करायची. सरावलेली जोडी हे काही सेकंदांत करते. बिनसरावाचा मुलगा उघड्या हाताने नळी धरतो, नाहीतर नळी पुरती न बसवता खिट्टी दाबतो, नाहीतर बदलायचंच विसरतो. मग नळी झिजते आणि गोळ्या भरकटतात. पहिला गडी मारा करतो, दुसरा पट्टा सरकवतो आणि जादा नळी सांभाळतो, तिसरा दारूगोळा आणतो, आणि त्या माऱ्याच्या आडून बाकीचे रायफलवाले पुढे सरकतात. हे सगळं खरी काडतुसं खर्चून, चिखलात, रात्री, पुन्हापुन्हा केल्याशिवाय अंगात मुरत नाही. पुलावर दोघांनी खांद्याला रायफल लावून उभं राहण्यात यातलं काहीच येत नाही. मुलगा मन लावून पहारा देईल, पण आघाडीवर पहिल्याच चकमकीत कोलमडेल.

दुसरा दोष या व्यवस्थेच्या पोटातच होता. शिकवणाऱ्या डिव्हिजनचं काम माणसं तयार करून पाठवणं. म्हणजे ती सर्वांत बळकट असते तो दिवस आणि ती रिकामी होते तो दिवस यांत फार अंतर नसतं. तुकडी तयार झाली की आघाडी ती मागून घेते. मागे राहतात थोडे उस्ताद, कारकून, घोडे आणि पुढच्या गाडीने येणारी कोरी मुलं. अशा डिव्हिजनवर एखाद्या जिल्ह्याच्या बंदोबस्ताची जबाबदारी टाकली, तर तिचा सेनापती काय करतो? एकतर तयार तुकडी धरून ठेवतो, मग आघाडी उपाशी राहते. नाहीतर अर्धवट शिकलेल्यांना बाहेर काढतो. दोन्ही झालं.

१५७व्या रिझर्व्ह डिव्हिजनचं उदाहरण घेऊ. ही म्युनिकच्या विभागातली, बव्हेरियन, पर्वतीय रायफलवाल्यांची रिझर्व्ह रेजिमेंट बाळगणारी डिव्हिजन. सेनापती लेफ्टनंट जनरल कार्ल पफ्लाउम. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा फ्रेंच आल्प्समधला इटालियन ताब्यातला मुलूख एका झटक्यात मोकळा झाला. तो या शाळेच्या हवाली करण्यात आला आणि मुख्यालय ग्रनोब्लला गेलं. त्याच्या दक्षिणेला, नीस आणि कानच्या किनाऱ्याकडे, १४८वी रिझर्व्ह डिव्हिजन बसवली गेली, ती सायलेशियातली. मायदेशी बराकीत जे शिक्षण झालं असतं ते आता अशा डोंगरांत होणार होतं, जिथे सक्तीच्या मजुरीसाठी जर्मनीला नेलं जाऊ नये म्हणून पळालेले तरुण जंगलात जमत होते आणि त्यांना विमानांतून शस्त्रं मिळत होती.

फेब्रुवारी १९४४ मध्ये या डिव्हिजनने एँ जिल्ह्यात मोहीम काढली. मार्चच्या अखेरीस ग्लिएरच्या पठारावर चारशे-साडेचारशे बंडखोरांविरुद्ध तिच्या पर्वतीय बटालियन चढल्या. एप्रिलमध्ये जुरा डोंगरात पुढची मोहीम झाली. ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, सँ-क्लोद गावातल्या पुरुषांना चौकात बोलावलं गेलं आणि तीनशेहून अधिक जणांना पकडून छळछावण्यांकडे रवाना केलं. तिथे लिओंच्या गेस्टापोचा, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा, क्लाउस बार्बी हजर होता. पण गावाला वेढा घालून रस्ते रोखायला संख्या लागते, आणि ती गेस्टापोकडे नव्हती. ती लष्कराकडे होती.

वरचे हुकूमही कसे होते ते इथेच पाहावं. ३ फेब्रुवारी १९४४ ला, रुंडश्टेटच्या जागी काम पाहणाऱ्या फील्ड मार्शल श्पेर्लेच्या सहीने पश्चिमेतल्या सैन्याला आदेश गेला: हल्ला झाला की ताबडतोब गोळीबार करा, त्यात निरपराध सापडले तरी चालेल, जिथून गोळी आली ती घरं जाळा, एखाद्या अधिकाऱ्याने गरजेपेक्षा कठोर पाऊल उचललं तर त्याला शिक्षा नाही, ढिला राहिला तर मात्र आहे. हा आदेश जुन्या, मुरलेल्या पलटणीच्या हातात धोकादायकच होता. पण तो शाळेत शिरला, तेव्हा अभ्यासक्रम झाला. ज्या मुलाने अजून शत्रूचा रणगाडा पाहिलेला नाही, त्याची पहिली ‘खरी’ कारवाई शेतघर पेटवण्याची झाली. त्याच्या शेजारी उभे राहून ती कशी करायची हे दाखवणारे बरेचसे रशियात मुरून आलेले होते. शिक्षणात पहिला अनुभव खोलवर बसतो, हे प्रत्येक उस्ताद जाणतो. आणि हे उस्ताद होते.

जुलैमध्ये व्हेर्कोरचं पठार. तिथे सुमारे चार हजार बंडखोर जमले होते आणि त्यांनी उघडपणे प्रजासत्ताक जाहीर केलं होतं. २१ जुलैला जर्मनांनी सगळे मिळून दहा हजारांच्या आसपास सैन्य घालून हल्ला चढवला, त्याचं नेतृत्व पफ्लाउमकडे. वासिय गावात ग्लायडरमधून उतरलेली टोळी हवाई दलाची होती आणि त्या गावातल्या कत्तलीचा मुख्य दोष तिच्याकडे जातो. हा फरक केलाच पाहिजे. जे १५७व्याच्या मुलांनी केलं नाही ते त्यांच्या माथी मारू नये. पण पठाराच्या वाटा बंद करून कोणालाही निसटू न देण्याचं काम याच डिव्हिजनचं होतं. ला शापेलमध्ये १६ तरुणांना ओलीस धरून गोळ्या घातल्या गेल्या. ला ल्युइरच्या गुहेत बंडखोरांनी इस्पितळ हलवलं होतं. २७ जुलैला जर्मन तिथे पोचले, जखमींना मारलं, परिचारिकांना राफेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवलं, दोन डॉक्टर आणि एका धर्मगुरूला ऑगस्टमध्ये ग्रनोब्लला ठार केलं. मोहीम संपेपर्यंत सहाशेहून अधिक बंडखोर आणि दोनशेच्या आसपास नागरिक मेले होते.

‘शिकाऊ पोरं’ ही सबब इथे तपासून पाहू. तिचा एक भाग खरा आहे. रंगरूट स्वतःहून आल्प्समध्ये आला नव्हता. ऑगस्ट १९४२ नंतर आल्सास, लोरेन आणि लक्झेंबर्गमधल्या मुलांनाही सक्तीने जर्मन गणवेश चढवला गेला. वरच्या सायलेशियातून पोलिश घरातली मुलं आली. अशा मुलाला न्यायाच्या तराजूत मेजरच्या शेजारी बसवणं अन्याय ठरेल. पण सबब सांगणारे मुलापाशी थांबत नाहीत, ते अख्ख्या डिव्हिजनला निरागस ठरवतात. डिव्हिजन म्हणजे तिचे कर्मचारी-अधिकारी, बटालियनप्रमुख, कंपनीप्रमुख, उस्ताद. हे सगळे अनुभवी होते. मुलं अर्धवट शिकलेली आहेत, घाबरलेली आहेत, अंधारात प्रत्येक झुडपावर गोळी झाडतात, हे त्यांना कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. हे ठाऊक असताना त्यांना अशा आदेशासह वस्त्यांमध्ये सोडणाऱ्याचा गुन्हा सौम्य होत नाही, वाढतो.

एक आक्षेप वजनदार आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. जर्मनीकडे माणसंच उरली नव्हती, मग दुसरं काय करणार? उत्तर त्याच शरद ऋतूत आहे. सप्टेंबर १९४२ मध्ये हवाई दलातली जादा माणसं लष्कराला देण्याची वेळ आली, तेव्हा हवाई दलाचा प्रमुख ग्योरिंग याने ती दिली नाहीत. त्याने स्वतःच्याच झेंड्याखाली हवाई दलाच्या मैदानी डिव्हिजन काढल्या. वीसच्या आसपास डिव्हिजन आणि दोन लाखांच्या आसपास माणसं, पायदळाचं काम न येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली. त्यांतल्या कित्येक पहिल्याच हिवाळ्यात मोडल्या. ही माणसं लष्कराच्या शिकवणाऱ्या बटालियनांमधून गेली असती, किंवा निदान पूल आणि बोगदे सांभाळायला बसवली असती, तर रंगरूट बराकीत राहू शकले असते. तुटवडा खरा होता. पण कोणाच्या प्रतिष्ठेला हात लावायचा नाही हे आधी ठरलं होतं आणि उरलेला भार सर्वांत नव्या मुलांवर टाकला गेला.

त्याच सुमारास आपल्याकडे, हिंदी सैन्यात, याच्या उलट निर्णय झाला. १९४३ च्या सुरुवातीला ब्रह्मदेशातल्या आराकानमध्ये जपान्यांकडून दारुण पराभव झाला. कारणं शोधली तेव्हा पलटणींत भरणा म्हणून आलेले जवान धड तयार नव्हते, हे वर आलं. जूनमध्ये पायदळाची समिती बसली आणि तिच्या शिफारशीनंतर दोन अख्ख्या डिव्हिजन लढाईतून काढून निव्वळ शिकवण्यासाठी ठेवल्या: १४वी नागपूरच्या उत्तरेला छिंदवाड्यात आणि ३९वी सहारनपूरला. १४वी तर आराकानमध्ये मार खाल्लेलीच डिव्हिजन. रेजिमेंटच्या केंद्रात सुमारे नऊ महिने मूलभूत शिक्षण झालेला जवान इथे आणखी दोन महिने जंगलात राहायचा, मग ब्रह्मदेशाकडे जायचा. या डिव्हिजनना आघाडीवरचा एकही मैल सांभाळायचा नव्हता. दोन डिव्हिजन ‘वाया’ घालवल्याचा आरोप करणं सोपं होतं. १९४४ आणि १९४५ मध्ये त्याच सैन्याने इंफाळ राखलं आणि रंगून परत घेतलं. त्यामागे रसद, विमानं, नेतृत्व अशी पुष्कळ कारणं आहेत, पण तयार होऊन येणारा भरणा हे त्यांतलं पक्कं कारण आहे.

जर्मनांनी १९४४ मध्ये शेवटचं पाऊल टाकलं: बियाणंच दळून भाकरी केली. वसंतात १५५वी रिझर्व्ह पँझर, म्हणजे रणगाड्यांची, डिव्हिजन ९व्या पँझरमध्ये विरघळवली, १७९वी वापरून ११६वी पँझर उभी केली, २७३वी ११व्या पँझरच्या भरपाईत गेली. पायदळातल्या १५६, १७१ आणि १९१ या रिझर्व्ह डिव्हिजनना अनुक्रमे ४७, ४८, ४९ असे नवे क्रमांक देऊन लढाऊ ठरवलं. नवा क्रमांक मिळाल्याने तोफखान्याला ओढणारे घोडे मिळत नाहीत, संदेशवहनाची तार मिळत नाही, रणगाडाविरोधी तोफा मिळत नाहीत. ४८वी ऑगस्टमध्ये शार्त्रजवळ अमेरिकनांसमोर आली आणि विस्कटली. ४७वी सप्टेंबरच्या सुरुवातीला माँसच्या वेढ्यात संपली. त्यांच्याबरोबर उस्तादही गेले, आणि हे नुकसान आकड्यांत दिसत नाही. एक प्लाटून काही महिन्यांत उभी राहते. ती उभी करणारा हवालदार घडायला वर्षं जातात. मार्च १९४५ मध्ये ‘लॉयथेन’ या नावाने उरलेसुरले शिकाऊ गटही आघाडीला दिले गेले, तोवर शिकवणारं फारसं कोणी शिल्लक नव्हतं.

नॉर्मंडीनंतर दोन महिन्यांनी, १५ ऑगस्टला, दक्षिण फ्रान्सवर दोस्त उतरले आणि आल्प्समधल्या दोन्ही शाळा डोंगर ओलांडून इटलीत गेल्या. १४८वीचं नाव बदलून पायदळ डिव्हिजन झालं आणि एप्रिल १९४५ च्या अखेरीस जनरल फ्रेटर-पिकोने फोर्नोवो इथे ब्राझीलच्या सैन्यापुढे शरणागती पत्करली. १५७वी सप्टेंबर १९४४ मध्ये पर्वतीय डिव्हिजन म्हणवली गेली आणि १९४५ च्या सुरुवातीला तिला ८वी पर्वतीय डिव्हिजन हा क्रमांक मिळाला.

या नावबदलांचा आज एक त्रास आहे आणि तो आपल्या लिहिण्यात दुरुस्त करता येतो. ८व्या पर्वतीय डिव्हिजनची नोंद उघडली की ती बहुतेकदा १९४५ च्या इटलीपासून सुरू होते: काही महिन्यांची, डोंगरातली, मागे हटत दिलेली झुंज. ग्लिएर, सँ-क्लोद आणि व्हेर्कोर वेगळ्या क्रमांकाखाली राहतात. ज्याला ८वीच शोधायची आहे तो तिथवर पोचतच नाही. मराठीत या डिव्हिजनवर लिहिणाऱ्याने तिचे सगळे क्रमांक एकाच ओळीत द्यावेत, ग्रनोब्लपासून सुरुवात करावी, आणि ५८ च्या आकड्याशेजारी त्यातल्या किती डिव्हिजन तेव्हा शिकवत होत्या हेही लिहावं.